चौदा पुस्तकं, एक हात

तळेगव्हाणच्या महाविद्यालयात ग्रंथपालाला पहिली अठ्ठावीस वर्षं कुणी विचारलं नाही आणि एकोणतिसाव्या वर्षी त्याच्या दारापुढे रांग लागली. विश्वंभर दहिफळे यांना त्या रांगेचा अभिमान वाटायला हवा होता. पण रांग बघितली की ते मागच्या दाराने आत शिरायचे. का, ते जगात त्यांना एकट्यालाच माहीत होतं.

रांग का लागली ते आधी सांगायला हवं. दहाएक वर्षांपासून निबंध, प्रकल्प, प्रबंध सगळं यंत्रं लिहू लागली होती. विद्यार्थी यंत्राकडून लिहून घेत, प्राध्यापक यंत्राकडून तपासून घेत, आणि दोन्ही यंत्रं एकमेकांवर बेहद्द खूश असत. पदवीच्या कागदाला किंमत उरली नाही. नोकरी देणारे विचारू लागले, "ते सगळं ठीक, पण या माणसाने स्वतः काही वाचलंय का?" हे ओळखायची सोय कुणापाशीच नव्हती. ती सापडली एका प्रयोगशाळेत, जुन्या चित्रांवरचे तेलाचे थर तपासता तपासता.

माणसाच्या बोटाला कायम किंचित तेल असतं. पान उलटताना ते कागदाच्या तंतूंत मुरतं. हवेतल्या प्राणवायूने ते हळूहळू, पण ठरलेल्या गतीने बदलत जातं. म्हणजे किती बदललंय ते मोजलं की बोट कधी लागलं ते कळतं. प्रत्येकाच्या तेलाचं मिश्रणही निराळं असतं, त्यामुळे बोट कुणाचं तेही कळतं. आणि नुसत्या उलटलेल्या पानावर तेल कमी मुरतं, पान धरून बसलेल्या बोटाखाली जास्त. पुस्तक उघडायचीसुद्धा गरज नाही. रेडिओच्या आणि उष्णतेच्या लहरींच्या मधोमध एक पट्टा आहे, त्यातल्या लहरी मिटलेल्या पुस्तकातून आरपार जातात. दोन पानांमधल्या केसाएवढ्या फटीवरून हे अकरावं पान, हे बारावं, असं त्यांना ओळखता येतं. चार मिनिटांत यंत्र सांगतं: या पुस्तकाला किती हात लागले, कुणाचे, कधी, आणि कुणी कुठल्या पानावर सोडून दिलं.

यंत्राचं सरकारी नाव 'पृष्ठस्पर्शमापक' होतं. ते पेटीतून बाहेर काढताना ग्रंथालयाचे परिचर कादरमामा म्हणाले, "ही तर हुंगणी आहे." सरकारी नाव त्या दिवसापासून फक्त पत्रव्यवहारात राहिलं.

मग जातीचा दाखला, रहिवासी दाखला, तसा वाचनदाखला आला. विद्यार्थ्याने वाचलेल्या पुस्तकांची यादी, खाली त्याची सही आणि ग्रंथपालाचा सही-शिक्का. शंका आली तर यादीतली पुस्तकं हुंगणीत घालायची. पहिल्या वर्षी लोकांनी पळवाटा शोधल्या. एका बागायतदाराने मुलामागे माणूस ठेवला होता. मुलगा मोबाइल बघायचा आणि माणूस त्याचं बोट धरून पानं उलटायचा. हुंगणीने निकाल दिला: तीनशे वीस पानं, प्रत्येकी दोन सेकंद. बागायतदार दहिफळ्यांकडे येऊन म्हणाला, "सर, दोन सेकंदांत पोरगं काय वाचत असेल हो?" दहिफळे म्हणाले, "पानाचा नंबर."

ते हे म्हणाले आणि लगेच त्यांनी मान खाली घातली. कारण त्यांचं स्वतःचं काम चार सेकंदांचं होतं.

ते असं. ग्रंथालयाचा एक जुना नियम होता. दहा वर्षांत जे पुस्तक कुणी नेलं नाही, त्याचं निर्लेखन करायचं. म्हणजे दाखल नोंदवहीतून नाव खोडायचं आणि पुस्तक रद्दीत द्यायचं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी दहिफळ्यांनी स्वतःच्या हाताने तीनशे पुस्तकं सुतळीने बांधली. ती लगद्याच्या कारखान्यात गेली आणि तिथून अंड्यांचे ट्रे होऊन बाजारात आली. नंतर दोन वर्षं त्यांनी अंडी खाल्ली नाहीत. बायकोला सांगितलं, पित्त होतं.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्याच्या सुटीत, ग्रंथालयात कुणी नसताना, त्यांनी एक कपाट उघडलं. नऊ वर्षं जागचं न हललेलं एक पुस्तक काढलं, शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारीखपट्टीवर तारखेचा शिक्का मारला आणि रजिस्टरात एका विद्यार्थ्याच्या नावावर देऊन टाकलं. आठ दिवसांनी परत आल्याची नोंद केली. पुस्तकाला दहा वर्षांचं आयुष्य मिळालं. मग दर मे महिन्यात हेच. पुढे संगणक आला, तर नोंद संगणकातही करू लागले. एकूण अकराशे त्रेचाळीस पुस्तकं त्यांनी अशी जपली.

नावं मात्र ते वाटेल तशी घालत नसत. कुठलं पुस्तक कुणाला शोभेल याचा विचार करत. वाणिज्यच्या एका रडव्या मुलाच्या नावावर त्यांनी ताऱ्यांवरचं पुस्तक लावलं होतं. का, तर त्याने एकदा वर बघावं. मुलाला याचा पत्ता नव्हता. पण चहा पीत पीत अशा सोयरिकी जुळवताना दहिफळ्यांना वाटे, आपण सबंध गाव वाचतं केलंय.

त्यांच्या सगळ्यात लाडक्या वाचकाचं नाव आरोही वाघमोडे. मेंढपाळाची मुलगी. तीन वर्षं रोज दुपारी यायची, खिडकीजवळ बसायची आणि ग्रंथालय बंद होताना कादरमामांनी किल्ल्या वाजवल्यावरच उठायची. जमिनीचं, पाण्याचं, खडकांचं जे मिळेल ते वाचायची. तिच्या नावावर दहिफळ्यांनी तीन सुट्ट्यांत मिळून चौदा पुस्तकं लावली. ती शिकून बाहेर पडली आणि वाचनदाखला मागायला आली, तेव्हा संगणकाने एकसष्ट पुस्तकांची यादी छापली. त्यातली सत्तेचाळीस तिची होती. चौदा कुठली, हे दहिफळ्यांना बघताक्षणी कळलं. क्षणभर पेन थांबलं. मग त्यांना वाटलं, चौदा जास्त असली तर पोरीचं भलंच होईल, तपासायला कोण बसलंय. त्यांनी सही केली.

चार महिन्यांनी, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास आरोही दारात उभी राहिली. हातात एक पत्र होतं.

"ये गं. पेढे कुठायत? भूजलवाल्यांनी घेतलं ना तुला?"

"घेतलं होतं, सर." तिने पत्र टेबलावर ठेवलं. "आता काढतायत."

भूजल संशोधन संस्थेने तिची निवड केली होती, मग नियमाप्रमाणे दाखल्यातली पुस्तकं मागवून घेतली होती. सत्तेचाळीस पुस्तकांवर तिचा हात सापडला, चौदांवर नाही. यादीतली दहा टक्क्यांपर्यंत पुस्तकं चुकली तर विसर समजतात. त्यापुढे 'बनावट वाचन'. निवड रद्द आणि पाच वर्षं कुठल्याही सरकारी जागेसाठी अर्ज करायला बंदी. येत्या सोमवारी सुनावणी होती, इथेच, तळेगव्हाणला.

"तू..." दहिफळ्यांनी पत्र उलटं करून ठेवलं. "तू यादी वाचून सही नव्हती केली?"

"वाचली होती ना. चौदा नावं ओळखीची वाटली नाहीत. दोन दिवस आठवत बसले." ती खालमानेने बोलत होती. "पण खाली तुमची सही होती, सर. रजिस्टरात तुमचा शिक्का. तुम्ही कसे चुकाल? म्हटलं, मीच विसरले असेन."

कादरमामा फडक्याने टेबल पुसत होते. ते एकच जागा पुसत राहिले.

"बाबा म्हणाले, मशिनीत बिघाड असेल. तसं लिहून द्याल का, सर? तुमच्या शब्दाला वजन आहे."

दहिफळे म्हणाले, "बघतो." या शब्दाची त्यांना पुढे आठ दिवस लाज वाटत राहिली.

दुपारी ते प्राचार्य नखात्यांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. प्राचार्य शांतपणे ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी उठून दार लावलं, मग खिडकी लावली, मग पंखासुद्धा बंद केला.

"अकराशे?"

"अकराशे त्रेचाळीस."

"दहिफळे, तुमच्यासारखा सज्जन माणूस मी बघितला नाही. सज्जन माणसं एवढा घोळ घालतात, म्हणून मी आयुष्यभर त्यांच्यापासून चार हात लांब राहिलो." त्यांनी कपाळ पुसलं. "आपल्याला जिल्ह्याचं वाचनदाखला केंद्र मिळतंय, माहितीये ना? आणि तुम्ही सोमवारी जाऊन सांगणार, आमचं रजिस्टर खोटं आहे?"

"पोरीचं आयुष्य आहे, सर."

"आणि ती पुस्तकं? नोंदी खोट्या ठरल्या की सगळी एका दिवसात निर्लेखनाला. अकराशे त्रेचाळीस. तुम्हीच बांधायची." प्राचार्यांना माणसाची दुखरी जागा बरोबर सापडत असे, त्याशिवाय माणूस प्राचार्य होत नाही. "मशिनीचा बिघाड म्हणून टाका. पोरगी कदाचित सुटेल, कदाचित नाही. तरुण आहे, पाच वर्षं काय, चुटकीसरशी जातात. तुम्ही दोन महिन्यांनी निवृत्त. निरोप समारंभात मी स्वतः बोलणार आहे."

संध्याकाळी जेवताना दहिफळ्यांनी बायकोलाही सांगितलं. सुलभाबाई भाकरी थापत होत्या, त्यांचा हात थांबला नाही.

"म्हणजे दर मे महिन्यात माहेरी मला एकटीला पाठवून तुम्ही हे करत होता?"

"हो."

"मला वाटायचं, दुसरं काहीतरी असेल." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "बरं झालं. आणि ते अंड्यांचं पित्त?"

"तेही तसंच."

त्या हसतील असं त्यांना वाटलं, पण त्या हसल्या नाहीत. "अहो, एक विचारू? ती पुस्तकं गेली, तर वाईट कुणाला वाटेल?"

"मला."

"आणि ती मुलगी घरी बसली तर?"

सुलभाबाईंनी भाकरी उलटली. "जेवा. गार होतंय."

सोमवारी सुनावणीला संस्थेच्या डॉ. इनामदार आल्या. सडपातळ, पांढऱ्या केसांच्या, आवाज न चढवता माणसाला उभं करणाऱ्या. वाचनकक्षात एका बाजूला आरोही आणि तिचे वडील, दुसऱ्या बाजूला प्राचार्य, मधे हुंगणी आणि संस्थेने परत आणलेली ती चौदा पुस्तकं. दहिफळे उभे राहिले आणि लिहून आणलेला कागद न बघता बोलले. चौदा पुस्तकं आरोहीने नेलेली नाहीत. नोंदी माझ्या आहेत, खोट्या आहेत. आरोहीला माहीत नव्हतं. दाखल्यावर सही करताना मला माहीत होतं.

आरोहीने मान वर केली आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ती जणू त्यांची ओळख नव्याने करून घेत होती.

डॉ. इनामदार म्हणाल्या, "सर, या वर्षात माझ्यासमोर सात शिक्षक असं सांगून गेलेत. विद्यार्थ्यांसाठी लोक खोटं बोलतात, चांगले लोक जास्त बोलतात. मी तुमच्यावर विश्वास का ठेवू?"

"मशिनीत घाला ना पुस्तकं."

"घातली होती. मुलीचा हात नाही."

"मुलीचा नाही. माझा शोधा."

त्यांनी हुंगणीच्या काचेवर बोट टेकवलं. कादरमामांनी पहिलं पुस्तक आत सरकवलं. चार मिनिटं यंत्र घरघरत राहिलं. मग पडद्यावर ओळ उमटली: हात एक. ओळख जुळली. शेवटचे पान. चार सेकंद. त्याच्या आधीची सगळी पानं कोरी होती.

दुसरं पुस्तक. हात एक. शेवटचे पान. चार सेकंद.

चौदा पुस्तकांना तासभर लागला. तिसऱ्या-चौथ्या पुस्तकाला आरोहीच्या वडिलांनी सुटकेचा श्वास सोडला. सातव्याला डॉ. इनामदारांनी वही मिटली, त्यांना हवा तो पुरावा मिळाला होता. उरलेली सात घालायची गरज नव्हती. दहिफळेच म्हणाले, "मामा, सगळी घाला." पडद्यावर पुन्हा पुन्हा तीच ओळ येत होती आणि ते ती प्रत्येक वेळी नव्याने वाचत होते. खोटेपणा उघडा पडला याचं त्यांना आता काही वाटत नव्हतं, ती तयारी करूनच ते आले होते. वाटत होतं ते निराळंच. एकोणतीस वर्षं ज्यांच्यासाठी खोटं लिहिलं, अंडी सोडली, बायकोला एकटीला माहेरी पाठवलं, त्यातल्या एकाही पुस्तकाचं पहिलं पान त्यांनी उघडलेलं नव्हतं. हे त्यांना कुणी आजवर विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही स्वतःला विचारलं नव्हतं.

निकाल तिथेच लागला. आरोहीची निवड कायम. अकराशे त्रेचाळीस नोंदी रद्द, ज्यांच्या नावावर त्या होत्या त्या सगळ्यांच्या याद्या दुरुस्त. दाखल्यावर सही करायचा अधिकार दहिफळ्यांकडून काढून घेतला. केंद्र शेजारच्या तालुक्याला गेलं. प्राचार्यांनी निरोप समारंभ रद्द केला, त्यामुळे त्यांचं भाषण ऐकण्यातून सगळं महाविद्यालय वाचलं, पण याबद्दल दहिफळ्यांचे आभार कुणी मानले नाहीत. आणि एकवीस दिवसांत ती पुस्तकं निर्लेखित करायचा आदेश आला.

जाताना डॉ. इनामदार दारात थांबल्या. "सर, नियम आता बदललाय, वाचलात का? तारीखपट्टी कुणी बघत नाही. दहा वर्षांत निदान एका हाताने पाऊण पुस्तक वाचलेलं असलं की ते राहतं." चष्मा पुसत त्या पुढे म्हणाल्या, "हात कुणाचा असावा, याबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही."

आरोही मागे राहिली होती.

"रागावलीस?" दहिफळ्यांनी विचारलं.

"मघाशी मशीन चालू होती तेव्हा रागावले होते. आत्ता नाही सांगता येत." ती त्या चौदा पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचत होती. "सर, ही माझ्यासाठी निवडली होती तुम्ही?"

"हो."

"आत काय आहे हे माहीत नसताना?"

"नावावरून," दहिफळे म्हणाले.

तिने त्यातली तीन उचलली. "ही मी खरंच नेते. नोंद करा." दहिफळ्यांनी नोंद केली. तिने रजिस्टर आपल्याकडे फिरवलं, नोंद नीट वाचली आणि मगच सही केली.

दुसऱ्या दिवसापासून दहिफळे वाचायला बसले. एकवीस दिवस, अकराशे चाळीस पुस्तकं. सुरुवात त्यांनी कपाटातल्या सर्वांत जाड ग्रंथापासून केली. जिल्ह्यातल्या एका दानशूर गृहस्थाचं ते चरित्र होतं. ते त्यांनी तीनदा शिक्के मारून तीस वर्षं जगवलं होतं. दीडशे पानांपर्यंत दानशूर गृहस्थ अजून बारशातच होते. दोन दिवस नेट लावून झाल्यावर त्यांनी ग्रंथ मिटला.

"मामा, हे वाईट आहे हो."

"खराब झालंय? वाळवी?"

"नाही. लिहिलंयच वाईट. उगाच नाही कुणी नेलं." त्यांनी तो स्वतः उचलून रद्दीच्या ढिगावर ठेवला. त्या ग्रंथाला एवढा मान पहिल्यांदाच मिळत होता: कुणीतरी तो वाचून नाकारला होता.

मग ते वाचत गेले. काही पुस्तकं चाळून सोडली, काही पुरी केली. कादरमामांनी शेळ्यांच्या आजारांवरचं एक घेतलं आणि ओठ हलवत, दिवसाला सहा पानं अशा गतीने ते पाऊणपर्यंत नेलं. सुलभाबाईंनी निरोप पाठवला, एक घरी आणा, पण जाड नको. एकविसाव्या दिवशी सकाळी हिशेब असा होता: दहिफळ्यांची नऊ, आरोहीची तीन, मामांचं एक, सुलभाबाईंचं एक.

दहिफळ्यांच्या हातात दहावं होतं. एका विहीर खणणाऱ्या गवंड्याने लिहिलेली स्वतःची हकिगत. दोनशे चाळीस पानांची, तालुक्यातल्या कुठल्याशा छापखान्यात छापलेली, फाटक्या पुठ्ठ्याची. आरोहीच्या चौदांतलंच, तिने न नेलेलं. साध्या, खडबडीत भाषेत तो माणूस सांगत होता: कुठल्या खडकाचा आवाज कसा येतो, पाणी लागायच्या आधी माती गार कशी होते. एकशे नव्वदाव्या पानावर त्याचा धाकटा भाऊ साठ फुटांवर अडकला होता, वरून माती सुटत होती आणि दोर ओढणाऱ्या चौघांपैकी तिघे पळाले होते.

साडेदहाला ट्रक आला. चालकाने हॉर्न दिला, हमाल गठ्ठे चढवू लागले. कादरमामा आत आले, त्यांनी दहिफळ्यांच्या खांद्यावरून पानाचा नंबर बघितला.

"सर, एकशे नव्वद. पाऊण तर कधीच झालं. हे सुटलं. दुसरं घ्या, अर्धा ट्रक भरायचाय अजून. एखादं बारकं बघून देऊ का?"

दहिफळ्यांनी मान वर केली. ढिगात बारकी पुस्तकं होती. साठ-सत्तर पानांची. झपाट्याने वाचलं तर ट्रक भरेपर्यंत एखादं निघालं असतं. त्यांनी ढिगाकडे बघितलं, मग हातातल्या पानाकडे.

"मामा, भाऊ खाली आहे अजून."

"कुणाचा?"

"गवंड्याचा. दोर एकट्याच्या हातात आहे."

कादरमामांनी ढिगाकडे नेलेला हात मागे घेतला. मग बाहेर गेले. गठ्ठे चढवायचे थांबले नाहीत, शेवटचा गठ्ठा चढला, फळी लागली. आदेशावर ग्रंथपालाची सही राहिली होती, म्हणून चालक कागद घेऊन आत येऊ लागला. मामांनी त्याला पायरीवरच अडवलं.

"किती वेळ लागंल?" चालकाने विचारलं.

"पन्नास पानं."

"पन्नास पानं म्हंजे किती वेळ?"

"माझ्यासारख्याला आठ दिवस. सरांना तास-दीड तास."

चालकाने आत बघितलं. टेबलावर वाकून बसलेल्या म्हाताऱ्या माणसाने तेवढ्यात पान उलटलं.

"कसलं पुस्तक हाय?"

मामांनी सांगितलं, विहिरीत माती सुटलीय, दोर एकट्याच्या हातात आहे.

चालक परत गेला, त्याने इंजिन बंद केलं, आणि पायरीवर येऊन बसला.